हेडफोनवर 'स्पेशियल' लावलं की जुनी गाणी पोकळ का वाटतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला. नवे हेडफोन घेतलेत. 'स्पेशियल ऑडिओ' चालू केलं की सिनेमा छान वाटतो, पण जुनी भावगीतं लावली की गायक न्हाणीघरात उभा राहून गातोय असं वाटतं. कधी कधी समोरून यायला हवा तो आवाज चक्क डोक्यामागून येतो. दोष हेडफोनचा, अॅपचा की कानांचा, हे तुम्हाला कळत नाहीये. आणि जाता जाता विचारलंय की तुमच्या ढोल-ताशा पथकाचं वादन असं चहूबाजूंनी ऐकू येईल अशा रीतीने रेकॉर्ड करता येईल का.

ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग हेच माझं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे सारखा येतो. आधीच सांगतो, बहुतेक तुमच्या हेडफोनमध्ये दोष नाही आणि कानांत तर नाहीच. नक्की किती फरक पडेल हे मात्र तुमच्या कानांच्या ठेवणीवर, गाण्याच्या मूळ मुद्रणावर आणि अॅप आत काय गणित करतंय यावर ठरतं. खोक्यावर 'स्पेशियल' हा एकच शब्द छापतात, पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असतात: गाणं मुळात कसं मिक्स केलंय, ते दोन कानांसाठी कसं बदललं जातंय, आणि तुमचं डोकं वळलं की आवाज त्याचा हिशेब ठेवतो का. या तिन्ही सुट्या करून पाहिल्या की तुमच्या तक्रारीचं उत्तर सापडतं.

सुरुवात कानांपासून करू. आवाज कुठून आला हे कळण्याच्या दोन मुख्य खुणा लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली मांडल्या. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि जोरातही पोहोचतो, कारण पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. वेळेचा हा फरक अगदी बाजूने आलेल्या आवाजातही जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. तो किती प्रभावी आहे हे घरी करून बघा. तबल्याचा एकच 'ना' मोनोमध्ये (म्हणजे डावं-उजवं नसलेल्या एकाच ट्रॅकवर) घ्या आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅकवर ठेवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. फाइल ४८ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं (सॅम्पल) असलेली असेल तर उजवा ट्रॅक फक्त २४ सॅम्पल मागे सरकवा, म्हणजे बरोबर अर्धा मिलिसेकंद. दोन्हींची पातळी तंतोतंत सारखी आहे, तरी हेडफोनवर 'ना' सरळ डाव्या कानाकडे सरकतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो.

आता स्टिरिओकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. लंडनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीतल्या अॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा बराचसा पाया त्या एका पेटंटमध्ये आहे. त्यातली खरी किमया अशी. दोन स्पीकर समोर ठेवा आणि डाव्यात आवाज थोडा मोठा सोडा. दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतात. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा मिळतो, उजव्याचा डाव्या कानाला. या दोहोंची कानापाशी बेरीज होते, आणि खालच्या पट्टीतल्या आवाजांत त्या बेरजेतून, स्पीकरमध्ये फक्त पातळीचा फरक असूनही, कानांना वेळेचा फरक मिळतो. म्हणजे आपल्याला हवी ती खूण हवेतच तयार होते. मला हा ध्वनिक्षेत्रातला सर्वांत देखणा शोध वाटतो. ब्लमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान अपघातात गेला आणि त्याच्या कामाचं मोल जगाला उशिराच कळलं.

हेडफोन घातले की ही बेरीज होत नाही. डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, उजवा फक्त उजव्या. पातळीचा फरक तसाच राहतो, वेळेचा फरक तयारच होत नाही, आणि अख्खा वाद्यमेळ दोन कानांमध्ये ताणलेल्या दोरीवर बसल्यासारखा डोक्याच्या आत ऐकू येतो. आपण आयुष्यभर हेडफोनवर स्टिरिओ ऐकत आलो म्हणून ते आपल्याला खटकत नाही, एवढंच. स्टिरिओ हा स्पीकरसाठी लागलेला शोध आहे. हेडफोनमधलं 'स्पेशियल' ही, मुळात, हवेत व्हायची ती बेरीज प्रोसेसरकडून करवून घेण्याची खटपट आहे.

उलट दिशेचा मार्गही जुना आहे. दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन ठेवायचे आणि ते दोन आवाज थेट ऐकणाऱ्याच्या दोन कानांत सोडायचे. १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन मांडून तारेने आवाज आणला होता. दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावलेल्या श्रोत्यांना गायक रंगमंचावर इकडून तिकडे जाताना कळत होता. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने 'ऑस्कर' नावाचा पुतळा ठेवला, त्याच्या डोक्यात मायक्रोफोन बसवलेले होते. यालाच आपण बायनॉरल म्हणतो. हे मुद्रण हेडफोनसाठीच असतं. स्पीकरवर लावलं तर ते बिघडतं, कारण तिथे परत डाव्याचा आवाज उजव्या कानात घुसतो.

त्या घुसखोरीवर उपाय शोधणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे, ते मुद्दाम सांगतो. कानपूरचे बिष्णु अटल बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ध्वनिशास्त्र शिकवून १९६१ मध्ये बेल लॅब्जला गेले. मानफ्रेड श्रोडर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की उजव्या स्पीकरमधून मोजूनमापून एक उलटा आवाज सोडला तर डाव्याचा उजव्या कानात जाणारा आवाज तिथल्या तिथे पुसता येतो. १९६६ साली त्याचं पेटंट मिळालं. आज लॅपटॉपचे किंवा साउंडबारचे जवळजवळ बसवलेले दोन स्पीकर खोलीभर पसरल्यासारखे वाटतात, त्यामागे याच कल्पनेची घराणी आहेत. (मोबाइलवरचं बोलणं कमी डेटात पाठवण्याच्या तंत्रातही अटल यांचं काम पायाभूत आहे, पण तो वेगळा विषय.)

आता 'समोरचा आवाज मागून येतो' या तक्रारीकडे. अगदी नाकासमोरच्या आणि अगदी डोक्यामागच्या आवाजाला वेळेचा फरक शून्य आणि पातळीचा फरकही शून्य. रॅले यांच्या दोन्ही खुणा तिथे निकामी होतात. मग मेंदू ओळखतो कसा? कानाच्या बाहेरच्या भागाच्या वळ्या आणि खळगे यांत आवाज शिरताना वरच्या पट्टीतल्या काही कंपनसंख्या दबतात, काही उठतात, आणि ही नक्षी दिशेप्रमाणे बदलते. या सगळ्या मोजमापाला एचआरटीएफ म्हणतात: अमुक दिशेचा आवाज कानात पोहोचेपर्यंत डोकं, खांदे आणि कान त्याचं काय करतात याचा तक्ता. प्रत्येकाचे कान वेगळे, म्हणून तक्ताही वेगळा. तुमच्या अॅपमधला तक्ता बहुधा एखाद्या पुतळ्याचा किंवा अनेकांच्या कानांची सरासरी काढलेला असतो. दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं की समोर आणि मागे यांची गल्लत वाढते, हे नासाच्या एम्स केंद्रातल्या एलिझाबेथ वेन्झेल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. डावं-उजवं मात्र परक्या तक्त्यानेही बऱ्यापैकी कळतं. तुमचा अनुभव नेमका असाच आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, डोकं हलवणं. हान्स वालाख यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं की मान थोडी वळवली की समोरच्या आणि मागच्या आवाजातला वेळेचा फरक उलट्या दिशांना बदलतो आणि मेंदूचा घोळ मिटतो. प्रत्यक्ष आयुष्यात आपण नकळत हेच करत असतो. म्हणून हेड ट्रॅकिंगला, म्हणजे डोकं वळलं की त्याप्रमाणे आवाज बदलण्याच्या सोयीला, मी मान डोलावली की आवाज फिरतो असली गंमत समजत नाही. समोर-मागेचा गोंधळ सोडवायला त्याच्याइतका उपयोगी भाग दुसरा नाही. मात्र ते झटपट व्हायला हवं. मान वळल्यावर आवाज जागेवर यायला साधारण ६०-७० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर तो मागून ओढत आणल्यासारखा वाटायला लागतो. ब्लूटूथवर हे जमवणं सोपं नाही, आणि स्वस्त-महाग हेडफोनमधला खरा फरक मला पुष्कळदा इथेच आढळतो. दुसरा उपाय, फोनच्या कॅमेऱ्याने कान टिपून तक्ता जुळवून घेण्याची सोय असेल तर ती वापरा. आणि थोडे दिवस द्या. नेदरलँड्समधल्या हॉफमन, व्हान ऑप्स्टल वगैरे संशोधकांनी १९९८ मध्ये लोकांच्या कानांत साचे बसवून त्यांच्या कानांचा आकारच बदलला. सुरुवातीला वर-खालचं भान गेलं, पण काही आठवड्यांत मेंदू नवे कान शिकला, आणि साचे काढल्यावर जुनेही विसरला नव्हता. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी ऐकून हेडफोन परत करू नका.

आता भावगीतं. हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जुन्या मुद्रणांतली कितीतरी मोनो आहेत, आणि पुष्कळदा एका किंवा अगदी मोजक्या मायक्रोफोनवर केलेली. गायक मायक्रोफोनजवळ, हार्मोनियम जरा मागे, तबला त्याच्या पलीकडे, व्हायोलिन आणखी लांब, अशी बैठक ठरवणं हेच तेव्हाचं मिक्सिंग होतं. त्यामुळे त्या मोनोमध्ये डावं-उजवं नसलं तरी खोली, म्हणजे जवळ-लांबचं भान, आहे. गायकाचा श्वास ऐकू येतो आणि व्हायोलिनभोवती स्टुडिओची हवा ऐकू येते, तेव्हा कान अंतर मोजत असतो.

तुमचं अॅप अशा गाण्याचं काय करतं? त्याच्याकडे दिशेची माहितीच नसते. म्हणून ते एक काल्पनिक खोली उभी करतं, त्यात समोर दोन काल्पनिक स्पीकर ठेवतं, आणि तेच मोनो दोन्हींतून वाजवतं. मूळ स्टुडिओच्या हवेवर दुसऱ्या खोलीचा घुमारा चढतो, म्हणून न्हाणीघर. आणखी एक सूक्ष्म नुकसान होतं. दोन स्पीकरमधून तोच आवाज आला की प्रत्येक कानाला तो दोनदा मिळतो, एकदा जवळच्या स्पीकरचा आणि सुमारे पाव मिलिसेकंदाने लांबच्याचा. या दोन प्रती २ किलोहर्ट्झच्या आसपास एकमेकींना खातात. शब्दांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते. खऱ्या खोलीत भिंतींवरून आलेले आवाज हा खड्डा बऱ्यापैकी भरतात, पण हिशेबाने उभारलेल्या खोलीत तो भरेलच असं नाही. तुम्हाला आवाज 'पोकळ' वाटतो तो यामुळे. माझं स्पष्ट मत असं की मोनो आणि जुनं स्टिरिओ ऐकताना हा परिणाम बंद ठेवा. त्या मुद्रणातली खोली त्या माणसांनी हाताने रचलेली आहे, तिला दुसऱ्या खोलीची गरज नाही.

सिनेमा बरा वाटतो कारण तिथे माहिती मुळातच असते. डॉल्बी अॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं. त्यातली नवी गोष्ट म्हणजे आवाज ठरावीक स्पीकरला नेमून न देता 'हा आवाज या क्षणी या जागी' अशी नोंद करून ठेवणं. १२८ पर्यंत ट्रॅक, त्यांतले १० पायाभूत चॅनेलसाठी आणि ११८ अशा फिरत्या आवाजांसाठी. किती स्पीकर आहेत हे पाहून वाजवणारं यंत्र तिथल्या तिथे वाटणी करतं. हेडफोन असेल तर प्रत्येक आवाज त्याच्या दिशेच्या तक्त्यातून गाळून दोन कानांत पाठवला जातो. अॅटमॉसमध्ये मिक्स केलेलं गाणं आणि स्टिरिओ गाण्यावर अॅपने चढवलेला परिणाम यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे. ऐकताना नक्की काय चालू आहे ते अॅपच्या पडद्यावर बघा.

अॅटमॉस गाण्यांबद्दल एकच सूचना. ती साधारण उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) या पातळीच्या आत द्यावी लागतात, आणि आजकालची बरीच स्टिरिओ गाणी त्याहून पुष्कळ जोरात बनवलेली असतात. मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. तुलना करायची असेल तर आधी दोन्ही हाताने सारख्या पातळीवर आणा. असं केल्यावर 'स्टिरिओच दमदार' म्हणणाऱ्या अनेकांचं मत माझ्यासमोर बदललंय. काहींचं नाही बदललं, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण मिक्सच घाईत केलेलं होतं.

सॅम्पल रेटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हा गैरसमज सारखा भेटतो म्हणून सांगतो. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये २२.७ मायक्रोसेकंद. माणसाला कानांमधला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही अनुकूल परिस्थितीत कळतो. यावरून लोक म्हणतात की दिशेसाठी ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ हवंच. ते खरं नाही. सॅम्पलच्या ठिपक्यांमधून जी लाट परत उभी राहते तिचा चढ-उतार दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, फक्त मूळ आवाज ठरलेल्या पट्टीच्या आत हवा. वेळेचा बारकावा ठिपक्यांच्या अंतराहून कितीतरी सूक्ष्म असतो. त्यामुळे दिशेसाठी जास्त दराच्या फाइलवर पैसे घालवू नका.

आता तुमचं पथक. होय, घरच्या साधनांत जमतं आणि छान जमतं. कानाच्या तोंडाशी बसणारे बायनॉरल मायक्रोफोनचे लहान जोड मिळतात. घेताना एकच आकडा नीट बघा, ते किती जोराचा आवाज न फाटता झेलतात. ढोल-ताशाच्या मध्यभागी १०० डेसिबल सहज ओलांडतात. मायक्रोफोनच फाटला तर पुढे कितीही चांगला रेकॉर्डर असून उपयोग नाही. १२० च्या वर झेलणारे घ्या. फोनवरच रेकॉर्ड करत असाल तर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करता येते का ते बघा, नाहीतर टोलाच्या प्रत्येक ठोक्याला ताशे खाली बसतील.

कानात बोळे घाला, मायक्रोफोन त्यांच्या बाहेर. यात तडजोड काही नाही. दिशेची नक्षी कानाच्या बाहेरच्या भागातच तयार होते, पुढची नळी तिच्यात दिशेनुसार काही बदल करत नाही. प्रयोगशाळेतही एचआरटीएफ मोजताना कानाची नळी बंद करण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे मुद्रणही नीट होतं आणि तुमचे कानही शाबूत राहतात. वादन चालू असताना मान स्थिर ठेवा, कारण तुमची मान वळली की ऐकणाऱ्याभोवती अख्खं पथक फिरतं. हे मुद्रण तुम्हाला स्वतःला सर्वांत खरं वाटेल. मित्रांना थोडं कमी, कारण कान तुमचे आहेत.

मिरवणूक स्पीकरवरही ऐकवायची असेल तर तेवढ्यासाठी दुसरी जोडी लावा. फ्रेंच रेडिओने रूढ केलेली मांडणी सोपी आहे: दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) मायक्रोफोन १७ सेंटिमीटर अंतरावर, एकमेकांशी ११० अंशांचा कोन, उंच स्टँडवर, पथकाच्या समोर. आणि पाठवताना सांभाळा. व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमध्ये आवाज मोनो होतो, आणि फार कमी बिटरेटच्या फाइलमध्ये दोन कानांमधले वेळेचे बारीक फरक पुसले जातात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मुख्य दिवसाआधी सरावाला एक चाचणी नक्की करा. ब्लमलाइननेही आपली पद्धत तपासायला माणसांना मायक्रोफोनपुढून चालत बोलायला लावलं होतं. एका ताशेवाल्याला तुमच्याभोवती एक फेरी मारायला सांगा. समोर, उजवीकडे, मागे आणि डावीकडे आल्यावर त्याने तोंडाने जागा सांगायची आणि मग चार ठोके वाजवायचे. घरी जाऊन डोळे मिटून ऐका. डावं-उजवं उलटं आलं तर तारा उलट्या जोडल्यात. समोर आणि मागे यांत गोंधळ झाला तर आधी मायक्रोफोन कानाच्या खळग्यात नीट बसलेत का, बाहेर तर आले नव्हते, ते बघा. ते ठीक असेल तर हेडफोन बदलून ऐका, कारण वरच्या पट्टीत उंचसखल असलेला हेडफोन ती नक्षी बिघडवतो. चाचणीची फाइल इथे टाकलीत तर मीही ऐकून सांगेन.